पाय गरम, बिल त्याहून गरम

चिनी वैद्यकाचं म्हणणं असं, की मूल होणं-न होणं मूत्रपिंडाच्या हातात असतं. जन्माला लागणारं सत्त्व, त्यांच्या बोलीत 'जिंग', तिथे साठवलेलं असतं. ते आटलं किंवा गर्भाशय 'थंड' पडलं, की गर्भ धरत नाही. म्हणून गार पाणी बंद, आइस्क्रीम बंद, पायांत मोजे, ओटीपोटावर शेक आणि अंगावर ठरल्या जागी सुया. हे ऐकून आपल्याकडच्या आत्याबाईंना भरून येईल. पपई खाऊ नकोस, गार फरशीवर बसू नकोस, हे त्या पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या. चुकलं एवढंच, की त्यांनी पावतीपुस्तक छापलं नाही.

पाश्चात्त्य देशांतल्या आयव्हीएफवाल्यांना मात्र पावतीपुस्तकाचं महत्त्व पटलेलं आहे. हार्मोनची इंजेक्शनं, स्त्रीबीजं काढणं, प्रयोगशाळेत भ्रूण वाढवणं, ते गर्भाशयात सोडणं, हा मूळ खर्च. त्यावर तोंडी लावायला अ‍ॅक्युपंक्चर. भ्रूण सोडण्याआधी पंचवीस मिनिटं सुया, सोडल्यावर पुन्हा पंचवीस मिनिटं.

ही पंचवीस मिनिटं आली जर्मनीतून. तिथल्या वोल्फगांग पाउलुस यांनी वूहानच्या डॉक्टरांबरोबर २००२ साली एक अभ्यास छापला. बायका १६०. निम्म्यांना सुया टोचल्या, निम्म्यांना नाही. सुयावाल्या ८० जणींपैकी ३४ जणींना गर्भ राहिला, बिनसुयांच्या ८० जणींपैकी २१ जणींना. बातमी जगभर गेली आणि दवाखान्यांनी सुईवाल्यांसाठी एक खोली रिकामी केली.

मेख अशी, की बिनसुयांच्या बायकांना आपल्याला सुया टोचलेल्या नाहीत हे माहीत होतं. मग गुण सुईचा, की कुणीतरी पंचवीस मिनिटं आपल्यासाठी काहीतरी करतंय या समाधानाचा? हे ठरवायला खोटी सुई लागते, आणि तशी सुई बाजारात मिळते. नाटकातल्या खंजिरासारखी असते ती. टेकवली की बोथट टोक कातडीला लागतं आणि पातं मुठीत सरकतं. बाईला वाटतं, टोचली.

पाउलुस यांनी स्वतःच पुढे खोट्या सुईशी गाठ घालून पाहिली. या वेळी फरक इतका आकसला, की संख्याशास्त्राने तो फरक मानायला नकार दिला. दवाखान्यांनी पहिला अभ्यास भिंतीवर लावला होता. दुसऱ्यासाठी भिंत कमी पडली असावी.

मग हाँगकाँगच्या विद्यापीठाने ३७० बायकांवर हाच खेळ मांडला. २००९ साली निकाल छापला तेव्हा खऱ्या सुईवाल्यांपैकी ४३.८ टक्के जणींची गर्भचाचणी 'हो' आली आणि खोट्या सुईवाल्यांपैकी ५५.१ टक्के जणींची! बाळ जन्माला येईपर्यंत हा फरक ठाम उरला नाही, हेही खरं. तरी त्या दिवशी कुठल्याही दवाखान्याने 'आमच्याकडे उत्कृष्ट खोट्या सुया मिळतील' अशी पाटी लावल्याचं ऐकिवात नाही. व्यापाराला एवढा प्रामाणिकपणा सोसत नाही.

यापुढे खुद्द चीन. तिथे २०१७ साली पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या हजार बायकांवरची चाचणी छापून आली. सूत्रं होती हार्बिनच्या पारंपरिक चिनी वैद्यकाच्या विद्यापीठाकडे. म्हणजे घर सुईचं, अंगण सुईचं. चार गट केले. खरी सुई आणि स्त्रीबीज पिकवणारी क्लोमिफिनची गोळी, नावाची सुई आणि तीच गोळी, खरी सुई आणि नकली गोळी, नावाची सुई आणि नकली गोळी. पहिल्या दोन गटांत बाळं झाली २९.४ आणि २८ टक्के बायकांना. शेवटच्या दोहोंत १३.९ आणि १६.८ टक्के. गोळीने आकडा जवळजवळ दुप्पट केला. सुईने त्यात दखल घेण्याजोगी भर घातली नाही.

वर्षभरात, २०१८ मध्ये, सिडनीहून कॅरोलिन स्मिथ यांचा निकाल आला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली १६ केंद्रं, आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ बायका. खरी सुई घेऊन बाळ झालं १८.३ टक्के जणींना, खोटी घेऊन १७.८ टक्के जणींना. म्हणजे हिशोब मिटला.

मौज ही, की यातलं कुणी सुईच्या जिवावर उठलेलं नव्हतं. पाउलुस यांनी सुई गाजवली होती, हार्बिनचं विद्यापीठच तिचं, आणि स्मिथबाई पूरक उपचारांवर संशोधन करणाऱ्या. सुईवाल्यांनीच सुईचा फुगा फोडला आणि निकाल आपल्या नावानिशी छापला. त्यांना शंभर नमस्कार. फुगे विकणारे मात्र अजून गल्ल्यावर बसलेले आहेत. भ्रूणासाठी एकेक अंश तापमान मोजणाऱ्या डॉक्टरला शेजारच्या खोलीतल्या सुईचा आकडा तेवढा आठवत नाही.

गिऱ्हाईक तरी का जातं? कारण आयव्हीएफ बहुतेक वेळा पहिल्या खेपेला फसतं. डॉक्टर चार मिनिटं भेटतात, त्यातली तीन पडद्याकडे बघतात. सुईवाला पाऊण तास देतो, झोप कशी लागते विचारतो, दिवा मंद करतो. त्या बाईला कुणी हसू नये. बायकोला तेवढा वेळ नवरा देत नाही, सासू तर नाहीच. आणि नवऱ्याचं म्हणाल तर 'जिंग' त्याच्यातही असतं, असं तेच चिनी वैद्यक सांगतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांत दोष पुरुषात निघण्याचं प्रमाणही थोडंथोडकं नाही. पण मोजे तिनेच घालायचे. त्याचे पाय उपजतच गरम!

सुई निदान फारसं बिघडवत नाही. काढे-गोळ्यांचं तसं नाही. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्सच्या एका दवाखान्यात बारीक होण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या गेल्या. नामसाधर्म्याने एका वनस्पतीच्या जागी दुसरी पडली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं त्यात बिघडली. जन्माचं सत्त्व जिथे साठतं, तेच कोठार! आयव्हीएफची औषधं चालू असताना नाव माहीत नसलेली पुडी पाण्यात कालवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

'रक्त भरण्यासाठी' चीनमध्ये बायका आणखी एक गोष्ट खातात, अजियाओ. गाढवाचं कातडं उकळून केलेला सरस. त्याला इतकी मागणी, की आफ्रिकेतली गाढवं संपू लागली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत आफ्रिकी संघाने कातड्यासाठी त्यांच्या कत्तलीवर १५ वर्षांची बंदी घातली. इकडे पाळणा हलेल की नाही कुणास ठाऊक, तिकडे गोठे रिकामे झाले.

म्हणून चिनी वैद्यक सगळंच मोडीत काढावं का? मुळीच नाही. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या चिनी ग्रंथातून हिवतापावरची वनस्पती उचलली, तिच्यातलं द्रव्य वेगळं केलं, आधी स्वतःवर घेऊन पाहिलं आणि मग रोग्यांवर तपासलं. २०१५ साली नोबेल मिळालं. जुन्या पोथीचा मान राखायचा तो असा.

आपलाही या सुईशी घरोबा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते शस्त्रक्रियेची हत्यारं घेऊन. त्यांच्या पथकातले डॉ. बसू पुढे अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. आज लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचं रुग्णालय आहे, अ‍ॅक्युपंक्चरचं. महाराष्ट्राने तर या उपचारासाठी वेगळा कायदा करून परिषदही नेमली. सुई कुणी टोचावी हे त्यामुळे ठरेल. टोचून मूल होतं का, याचं उत्तर कायदा देत नाही. ते आकड्यांनी कधीच देऊन ठेवलंय.

तेव्हा बाईसाहेब, सुयांनी शांत झोप लागत असेल तर जरूर घ्या, झोपेच्या भावात घ्या. बाळाच्या भावात कुणी विकायला आलं तर एकच विचारा: 'खोट्या सुईपेक्षा तुमच्या खऱ्या सुईने शंभरात किती बाळं जास्त झाली?' उत्तर आकड्यात आलं नाही, तर पर्स उघडू नका. आणि पुढच्या तपासणीला नवऱ्याला बरोबर न्या.