कुणाला सांगू नकोस हं

पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झालं. कॅफे संशोधक मंडळ अजून कुणी रीतसर स्थापन केलेलं नाही, पण त्याचे सभासद शहरभर पसरलेले आहेत आणि त्यातला निदान एक तुमच्या ऑफिसात, सोसायटीत किंवा सासरी असणारच. त्या मंडळाचे संस्थापक, इतिहासकार राजवाडे, दप्तरं शोधत गावोगाव फिरले; हा गृहस्थ प्रभात रोड, भांडारकर रोड आणि एरंडवण्याच्या गल्ल्या पिंजून काढतो. फरक एवढाच, की राजवाड्यांनी हाती लागलेले कागद खंडच्या खंड छापून जगापुढे ठेवले. हा मात्र तुम्हाला बाजूला घेतो, मागे कुणी उभं नाही ना ते बघतो आणि म्हणतो, ‘एक जागा सापडलीये. अजून कुणाला माहीत नाही. कुणाला सांगू नकोस हं.’ हे वाक्य त्याने सकाळी लिफ्टमध्ये वॉचमनला ऐकवलेलं असतं, दुपारी दाताच्या डॉक्टरला, तेही तोंडात कापूस असताना. संध्याकाळी तो कपाचा, टेबलाचा आणि खिडकीतल्या मनी प्लँटचा फोटो टाकतो. जागेचं नाव देत नाही. मग ‘कुठे हे?’ असं विचारणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे, नकाशासकट उत्तर पाठवतो. खाली लिहितो, ‘फक्त तुला सांगतोय.’

या माणसाचा वैताग येतो याबद्दल वाद नाही. तरीही माझं म्हणणं असं, की शहरातली छोटी कॅफे याच्या या एका खोटेपणावर उभी आहेत, आणि कॉफीबद्दल तो जे बोलतो त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं आहे.

आधी ‘सापडली’ या दाव्याचं बघू. ज्या जागेचा शोध लागला, तिच्या मालकाने भाड्याचा करार केलेला असतो, महापालिकेपासून अन्नसुरक्षेपर्यंतचे परवाने भिंतीवर टांगलेले असतात, नकाशावर खूण टोचलेली असते आणि ‘सापडा, सापडा’ म्हणून तो वाट बघत बसलेला असतो. पण ती जागा सापडायला अवघड असते हेही खरं. फर्ग्युसन रस्त्यावर तोंड असलेल्या गाळ्याचं भाडं नवख्याला झेपत नाही. म्हणून तो आतल्या गल्लीत जुन्या बंगल्याचं आउटहाउस किंवा गॅरेज घेतो, मोगऱ्याच्या वेलाआड फूटभर पाटी लावतो आणि तिच्यावर नाव इतक्या बारीक अक्षरांत लिहितो की ते वाचायला आत जावं लागतं. हे दडलेपण त्याची गरिबी असते. आपला संशोधक तिलाच गूढ समजतो. जाहिरातीला पैसे नसलेल्या दुकानदाराला याहून चांगलं गिऱ्हाईक कुठलं मिळणार? ‘सगळ्यांना सांगा’ म्हटलं तर कुणी सांगत नाही. ‘कुणाला सांगू नकोस’ ही आपल्याकडची सगळ्यात वेगवान टपालसेवा आहे; सोसायटीतली लग्नं जमणं-मोडणं तिच्यावरच चालतं. संशोधक ती मालकाला फुकट पुरवतो, आणि आपण ती पुरवतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

आता त्याची आवडनिवड. बसल्या बसल्या तो मेनूकार्ड पालथं ठेवतो आणि काउंटरमागच्या मुलाला विचारतो, ‘बीन्स कुठल्या? रोस्ट कधीचा?’ मुलगा शांतपणे इस्टेटचं नाव आणि तारीख सांगतो. मग संशोधक व्ही-सिक्स्टी मागवतो आणि कॉफी गाळायच्या त्या जपानी शंकूचा कोन साठ अंशांचा असतो हे तुम्हाला समजावून सांगतो. एस्प्रेसोला नऊ बारचा दाब आणि पंचवीस ते तीस सेकंद लागतात हेही येतं. साखर हा शब्द उच्चारलात तर तो काही बोलत नाही, फक्त तुमच्याकडे बघतो. मग पहिला घोट. डोळे मिटतात. ‘जर्दाळू,’ तो म्हणतो. ‘आणि शेवटी किंचित संत्र्याची साल.’ तुम्हाला जर्दाळू लागत नाही, संत्रंही लागत नाही. थोडी आंबट, थोडी पातळ आणि बरीच महाग अशी कॉफी लागते. पण तो थापा मारतो असं समजू नका. कॉफीच्या चवींचं एक अधिकृत रंगीत चक्र आहे, अमेरिकेच्या कॉफी संघटनेने १९९५ साली काढलेलं आणि २०१६ साली सुधारलेलं, आणि फळं, फुलं, सुकामेवा सगळं त्यावर आहे. त्यावर कागदाची आणि रबराची चवही आहे. या दोन चवी संशोधकाला अजून कधी लागलेल्या नाहीत, कारण स्वतः शोधलेल्या कॅफेत त्या लागतच नाहीत.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो घराघरांतून येतो: हे सगळं ढोंग आहे, दूध, साखर आणि वर जायफळ घासलेली कॉफी आपण पिढ्यान्‌पिढ्या पीत आलो, तिला काय झालं? काहीही झालं नाही. ती उत्तम असते, आणि संशोधक तिला नाक मुरडतो हा त्याचा गुन्हा आहेच. शिवाय त्याच्या उपकरणांचं पावित्र्यही फार ताणायला नको. ज्या एरोप्रेसपुढे तो हात जोडतो, तो २००५ साली बाजारात आणणाऱ्या अॅलन अॅडलरचं आधीचं नाव झालं होतं ते हवेत फेकायची चकती बनवण्यासाठी. आणि जगभरचे कॉफीपारखी चव घेताना चमचा ओठाला लावून मोठ्याने भुरका मारतात, कारण हवा मिसळली की वास नाकापर्यंत नीट पोचतो. आपले आजोबा बशीत ओतून नेमकं हेच करत होते. त्यांना त्याबद्दल आजीच्या शिव्या मिळाल्या, यांना प्रमाणपत्र मिळतं.

पण जायफळ का आलं, हा प्रश्नही विचारावा लागतो. भारतात कॉफी आली ती बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून आणलेल्या सात बियांतून, अशी आख्यायिका आहे. चिकमगळूरजवळचा तो डोंगर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एवढा जुना वारसा असूनही पुण्यामुंबईच्या ग्राहकाला आपल्या कपातली कॉफी कुठल्या मळ्यातली हे कळायची सोय नव्हती. १९४२ च्या कॉफी कायद्याखालच्या व्यवस्थेत मळेवाल्यांचा माल कॉफी बोर्डाच्या साठ्यात जाई. तिथे त्याची प्रतवारी होई, पण चांगल्या मळ्याची आणि ढिसाळ मळ्याची कॉफी एकदा एकत्र पडली की मळ्याचं नाव संपलं. १९९० च्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सुटलं. १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डे उघडलं आणि कॉफी प्यायला बाहेर जायची सवय नव्या पिढीला लागली, पण कपात मळ्याचं नाव यायला आणखी बरीच वर्षं गेली. भारतातल्या कॉफीपैकी साधारण सत्तर टक्के आजही परदेशी जाते. घरी येत होती ती बहुधा चिकोरी मिसळलेली पूड किंवा बाटलीतली इन्स्टंट. तिला दूध, साखर आणि जायफळ हवंच होतं. गृहिणींनी हाती आलेल्या मालाचं सोनं केलं. तेव्हा ‘बीन्स कुठल्या?’ हा प्रश्न कितीही आगाऊपणे विचारलेला असो, तो विचारता येण्यासारखी परिस्थिती या देशात फार थोड्या वर्षांपूर्वी आली आहे. कोडगूच्या किंवा अराकूच्या शेतकऱ्याला नावाने ओळखलं जाऊन चार पैसे जास्त मिळायचे, तर कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवा. तो विचारणारा माणूस थोडा असह्य निघाला, एवढीच त्याची किंमत.

असह्यपणाला मर्यादा मात्र असावी; कॉफीगृहात कॉफीखेरीज दुसराही विषय निघावा. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहं बंद करण्याचा हुकूम काढला, कारण तिथे बसून लोक राज्यकारभारावर वाटेल ते बोलत; ओरड इतकी झाली की काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. आपल्या संशोधकाच्या टेबलावरून कुठल्याही सरकारला धोका नाही. कॉफीगृहात बसून फक्त कॉफीवर बोलणारी ही बहुधा पहिलीच जमात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कॅफे चालवतो तो रोजचा माणूस, उंडगा संशोधक नव्हे. गुडलक हे इराणी कॅफे १९३५ पासून डेक्कनच्या कोपऱ्यावर उभं आहे ते बन-मस्का आणि चहा घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या तिथेच येणाऱ्यांमुळे. त्याचा शोध लावल्याचा दावा कुणी केलेला नाही. हे खरं आहे. पण जुन्या इराण्यांचा हिशेब निराळा होता: जागा मोक्याच्या, भाडी बहुतेक जुनी, आणि नेहमीचा माणूस चहा पिऊन, पेपर चाळून उठणारा. नव्या कॅफेतला नेहमीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. सकाळी एक कॅपुचिनो मागवतो, भिंतीतलं एकमेव चार्जिंग पकडतो, तिथून दोन मीटिंगा घेतो आणि दुपारी पाणी मागतो. मालकाला तो आवडतो, कारण त्याच्यामुळे जागा भरलेली दिसते. पण गल्ल्यात त्याचा आवाज होत नाही. आपला संशोधक चार जणांना घेऊन येतो, प्रत्येकाला वेगळी कॉफी मागवायला लावतो, सगळ्यांच्या कपातला एकेक घोट घेतो, वर केळ्याचा केक मागवतो आणि तासाभरात उठतो, कारण त्याला औंधात आणखी एक जागा सापडलेली असते. ती अजून कुणाला माहीत नाही. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर हा चंचलपणा मालकाच्या पथ्यावरच पडतो.

तिसरा आक्षेप खुद्द संशोधकाचा आहे: ‘आता तिथे गर्दी व्हायला लागली.’ हे तो खऱ्या दुःखाने म्हणतो. आत शिरायला रांग, शेजारच्या टेबलावर वाढदिवस, आणि ज्या कोपऱ्यात तो जर्दाळू ओळखत असे तिथे कुणीतरी कोल्ड कॉफीत आइस्क्रीम घालून पितंय. ही गर्दी कुणी आणली, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याने तर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग तो जाणं बंद करतो. पुढे गर्दीही दुसरीकडे जाते, कारण तिलाही कुणीतरी कानात काहीतरी सांगितलेलं असतं. भाड्याचा करार संपतो, बंगला पुनर्विकासाला जातो, मोगऱ्याच्या जागी पत्रे उभे राहतात.

आणि इथे या माणसाबद्दल, नाइलाजाने, एक बरा शब्द लिहावा लागतो. बंद पडलेली कॅफे त्याच्याइतकी कुणालाच आठवत नाहीत. कुठल्या गल्लीत कुठलं होतं, खिडकीपाशी किती खुर्च्या होत्या, कुठल्या मालकिणीने बँकेतली नोकरी सोडून ते काढलं होतं, दळणीचा आवाज कसा यायचा, सगळं. शहराच्या कुठल्याही दफ्तरात या जागांची नोंद राहणार नाही. दोन-तीन वर्षं जगलेल्या बारा टेबलांच्या दुकानांचा इतिहास कुणी लिहीत नाही. तो फक्त याच्या डोक्यात आहे, आणि तो सांगताना हा माणूस एकदाही आवाज खाली आणत नाही. तोंडीच का होईना, राजवाड्यांचं काम तो करतो आहे.

त्याच्या डोक्यातल्या या नोंदवहीत एक मोठं भोक मात्र आहे. येमेन, इथिओपिया, कोलंबिया त्याला पाठ आहेत. महाराष्ट्रात कॉफी कुठे पिकते, असं विचारलं तर तो हसतो आणि पिकत नाही असं सांगतो. पिकते; अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला, मेळघाटच्या डोंगरात. तिची चव कशी आहे हे इथे लिहीत नाही. ते त्याचं खातं आहे.

तर त्याने बोलावलं तर जावं. एकदा बिनसाखरेची पिऊन बघावी, कडू लागली तर कडू लागली म्हणावं, आणि आपले पैसे आपण द्यावेत. संशोधकालाही एक विनंती आहे. नव्या जागा शोधत राहा, पण आवडलेल्या एखाद्या जागी ऑगस्टातल्या मंगळवारी, भर पावसात, दुपारी तीन वाजता पुन्हा जा. त्या वेळी तिथे कुणी नसतं, आणि भाडं त्या महिन्याचंही द्यावं लागतं.