होकार आला, पण रजिस्टर बदललं का?

ड्राइव्हच्या रजिस्टरमध्ये नवा वेग लिहिला, पडद्यावर ‘यशस्वी’ आलं आणि मोटर जुन्याच वेगाने फिरत राहिली. चाकण-भोसरीत पॅनल लावणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मग केबल बदला, टर्मिनेशनचा रेझिस्टर बदला आणि शेवटी ‘नॉइज असेल’ म्हणून मोकळे व्हा. मला हे मुळीच मान्य नाही. नॉइजवर खापर फोडण्याआधी तो ‘यशस्वी’ नेमका कोणी पाठवला, ते बघा.

मॉडबस हा मॉडिकॉनने १९७९ साली पीएलसीसाठी काढलेला प्रोटोकॉल. एक रजिस्टर लिहायचं तर फंक्शन कोड ०६. तारेवर हेक्समध्ये जातं ११ ०६ ०० ०१ ०० ०३ आणि मागून सीआरसीचे दोन बाइट. म्हणजे १७ नंबरच्या स्लेव्हा, पत्ता १ वर ३ लिही. काम झालं की स्लेव्ह हीच ८ बाइटची फ्रेम जशीच्या तशी परत पाठवतो. मेख इथेच आहे.

आरएस-४८५च्या दोन तारांवर एका वेळी एकानेच बोलायचं. मॅक्स४८५सारख्या चिपला बोलण्यासाठी डीई आणि ऐकण्यासाठी आरई अशा दोन पिना असतात. आरई कायमची ग्राउंडला बांधली की मास्टरला स्वतःचंच बोलणं ऐकू येतं. आलेले बाइट फेकून दिले नाहीत, तर कोड त्यांनाच उत्तर समजतो. पत्ता बरोबर, फंक्शन बरोबर, सीआरसी बरोबर. यशस्वी! तिकडे स्लेव्हची वायर सुटून लोंबकळत असली तरी. म्हणून पहिली चाचणी हीच करा: स्लेव्ह सोडवा आणि रजिस्टर लिहा. तरीही होकार आला, तर चोर तुमच्याच बोर्डावर आहे. फंक्शन १६ वापरलं तर ही फसगत टळते, कारण त्याच्या उत्तरात फक्त सुरुवातीचा पत्ता आणि रजिस्टरांची संख्या येते.

उलटा प्रकार म्हणजे उत्तरच न येणं. एसटीएम३२वर टीएक्सई फ्लॅग लागला म्हणजे डेटा रजिस्टर रिकामं झालं, एवढंच. शेवटचा बाइट अजून बाहेर पडत असतो. त्याच क्षणी डीई खाली ओढली की सीआरसीचा दुसरा बाइट कापला जातो आणि स्लेव्ह ती फ्रेम मुकाट्याने टाकून देतो. थांबायचं ते टीसी फ्लॅगसाठी. ऑसिलोस्कोपवर डीई आणि डेटा शेजारी शेजारी लावले की पाच मिनिटांत दिसतं.

पत्त्यांचा घोळ तर जुनाच. मॅन्युअलमधलं ४०००२ तारेवर १ होतं. काही कंपन्या पहिला आकडा छापतात, काही दुसरा, आणि कोणता ते सांगायची तसदी घेत नाहीत. पत्ता एकाने चुकला आणि शेजारचं रजिस्टरही लिहिता येण्याजोगं असेल तर एक्सेप्शन (नकाराचं उत्तर) येत नाही, भलतंच सेटिंग बदलतं.

पण माझा खरा राग स्लेव्हचं फर्मवेअर लिहिणाऱ्यांवर आहे. मॉडबसचा नियम स्वच्छ सांगतो की रजिस्टर लिहून झाल्यावर उत्तर द्यायचं. प्रत्यक्षात आलेला बफर तसाच परत ढकलला जातो. आकडा एका अ‍ॅरेमध्ये पडून राहतो आणि कंट्रोल लूप चालू होताना घेतलेल्या प्रतीवरच चालतो. अशा वेळी फंक्शन ०३ने परत वाचूनही उपयोग नाही, कारण त्याच अ‍ॅरेतून नवा आकडा मिळतो. मोटरचा वेग मोजा, तोच पुरावा.

मर्यादेबाहेरचा आकडा आला तर गुपचूप छाटू नका. एक्सेप्शन पाठवून साफ नकार द्या. तारेवरचा पत्ता मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर छापा. आणि कोणतं रजिस्टर ईईप्रॉममध्ये जातं, तेही ठळक अक्षरांत लिहा. १ लाख वेळा लिहिण्याची हमी असलेल्या ईईप्रॉमवर दर सेकंदाला वेग लिहिला, तर ती हमी २८ तासांच्या आत संपते.