फासे, पुठ्ठे आणि ब्रेटची मूळव्याध

१२ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉल खेळाडूंनी संप पुकारला आणि क्वीन्समधल्या आमच्या तळघरात चालणारी लीग एका रात्रीत देशातली सर्वोच्च लीग ठरली. मायनर लीगचे सामने चालू होते, पण त्यांना आम्ही खिजगणतीत धरत नव्हतो. आम्ही चौघं होतो. एकमेकांना टीमवरूनच ओळखायचो: फिलीजवाला, रॉयल्सवाला, यँकीजवाला आणि मी. माझ्या वाट्याला मेट्स आले, कारण दादरहून उठून मी त्या गल्लीत सगळ्यांत शेवटी पोचलो आणि तोवर चांगला माल संपला होता.

१९८० चे मेट्स म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. १६२ पैकी ९५ सामने हरलेले. अख्ख्या टीमने मिळून वर्षभरात मारलेले होमरन ६१. रॉजर मॅरिस नावाच्या गृहस्थाने १९६१ साली तेवढे एकट्याने मारले होते. इकडे फिलीजवाल्याकडच्या माइक श्मिटने एकट्याने ४८ ठोकलेले. अशा टीमचा मी मॅनेजर, वय वर्षं बारा.

खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने तो लहानपणीच रचायला घेतला आणि १९६१ मध्ये बाजारात आणला. पहिल्या वर्षांत धंदा गाळात जायला लागला तेव्हा त्याने वडिलांकडे पाच हजार डॉलर मागितले. वडिलांनी दिले, पण अट घातली: हेही बुडाले तर निमूटपणे माझ्या इन्शुरन्सच्या धंद्यात यायचं. आमच्या बाबांना ही हकीकत भयंकर आवडायची. खेळात त्यांना काडीचा रस नव्हता, अट मात्र आल्यागेल्याला सांगायचे. पोराने धंदा तारला, हा भाग ते सांगत नसत.

खेळ असा. प्रत्येक खेळाडूचा एक पुठ्ठा, त्यावर आकड्यांचे तीन उभे रकाने. फासे तीन, एक पांढरा आणि दोन लाल. पांढऱ्यावर १, २, ३ पडलं तर बॅटरचा पुठ्ठा बघायचा, ४, ५, ६ पडलं तर पिचरचा. लाल फाशांची बेरीज करून त्या रकान्यात बोट ठेवायचं, की निकाल समोर: होमरन, वॉक, स्ट्राइकआउट. दोन फाशांत सात सगळ्यांत जास्त वेळा पडतो आणि दोन किंवा बारा क्वचित. त्यामुळे बड्या खेळाडूंची चैन सहा-सात-आठच्या आसपास असायची आणि माझ्या मेट्सचा होमरन बाराच्या आकड्यावर जाऊन लपलेला. तो पडलाच, तरी बाजूला बारीक अक्षरात शर्त: एक ते वीस आकड्यांच्या गठ्ठ्यातून पान ओढा, एक ते चार आलं तरच होमरन, नाहीतर डबल. बँकेच्या कर्जालासुद्धा इतक्या शर्ती नसतात.

मी दादरच्या शाळेत बुक क्रिकेटवर वाढलेला. पुस्तक उघडायचं, डाव्या पानाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आलं की आउट. त्यात गावस्कर आणि चंद्रशेखर एकाच पंगतीला बसायचे. ज्या चंद्राने कसोटीत २४२ बळी घेतले आणि धावा काढल्या १६७, त्याने आमच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवरायांच्या राज्याभिषेकापासून पानिपतापर्यंत शतकं झळकावली होती. पुस्तकाला कोणाची पूर्वपुण्याई माहीत नसते. स्ट्रॅट-ओ-मॅटिकला तेवढीच माहीत असते. गेल्या वर्षी मैदानावर जे केलं, ते या वर्षी पुठ्ठ्यावर छापून येतं, आणि मग तुम्ही कितीही हातपाय आपटा.

हे सगळ्यांत आधी कळलं ते आजीला. मे महिन्यात ती सहा महिन्यांसाठी आली होती. आमचे फासे आईच्या स्टीलच्या फुलपात्रात खुळखुळायचे. त्या आवाजाने आजीची दुपारची झोप मोडली आणि ती जिना उतरून तळघरात आली. फासे बघून आधी महाभारत झालं, ते होणारच होतं. मग तिने चष्मा लावला आणि विचारलं, "हे आकडे कसले रे?" मी समजावून सांगितलं. दोन मिनिटं ती श्मिटचा पुठ्ठा उलटसुलट करून बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे पत्रिकाच की! मग एवढा आरडाओरडा कशाला करता? जे लिहिलंय ते होणार."

हे मी इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिघांनाही ते अजिबात पटलं नाही. यँकीजवाला फाशांवर तीनदा फुंकर मारायचा. फिलीजवाला फुलपात्र डाव्या कानाशी धरून हलवायचा आणि आतून काही ऐकू येतंय का ते बघायचा. एकदा पांढरा फासा घरंगळत वॉशिंग मशिनखाली गेला. तिथे पोटावर पडून, टॉर्च मारून आम्ही पाहिलं तर तो मोज्याला टेकून तिरका उभा होता, एक बाजू तीनकडे, एक बाजू पाचकडे. ग्राह्य धरायचा की नाही यावर जो वाद पेटला तो संध्याकाळी आईने कपडे धुवायला मशिन लावलं तेव्हाच मिटला. मशिन हादरलं, फासा पाचावर पडला. रॉयल्सवाला अजून म्हणतो की तो बाहेरचा हस्तक्षेप होता.

रॉयल्सवाल्याचा सगळा जीव जॉर्ज ब्रेटवर. १९८० मध्ये ब्रेटची सरासरी होती .३९०, म्हणजे हजार वेळा बॅटिंगला उभा राहिला तर ३९० हिट. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, वर्ल्ड सिरीज चालू असताना, त्याला मूळव्याध उठली. दुसरा सामना त्याने अर्ध्यावर सोडला, मधल्या सुट्टीत डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्या सामन्यात येऊन पठ्ठ्याने होमरन मारला. टीव्हीवर, पेपरात, सगळ्या देशात हीच चर्चा. आमच्याकडे रविवारी पोहे खायला जमणाऱ्या मराठी मंडळींनी अमेरिकन बेसबॉलमध्ये आस्था दाखवली ती त्या एका आठवड्यात. कोणी ताकाचा आग्रह धरला, कोणी इसबगोलाचा. "एवढा वेळ उभं राहून चेंडूची वाट बघायची, होणार नाही तर काय!" असं निदानही झालं.

आजीला ही गोष्ट कळली आणि तिचा पक्ष ठरला. फासा पडून ब्रेटच्या पुठ्ठ्यावर दुखापत निघाली, की ती वरून ओरडून विचारायची, "पुन्हा उठली का?" ती ऑक्टोबरची गोष्ट आहे, पुठ्ठा त्याआधीच्या सामन्यांचा आहे, हे तिला पटवायचा नाद मी सोडून दिला.

जुलैत ऑल-स्टार सामना क्लीव्हलंडला व्हायचा होता. संपामुळे लांबणीवर पडला, तर ठरलेल्या दिवशी, १४ तारखेला, तिथल्या रिकाम्या स्टेडियमवर चक्क स्ट्रॅट-ओ-मॅटिकचे फासे टाकून सामना झाला. रॉयल्सवाल्याने ते कात्रण बॉयलरला चिकटवलं. आमची मान इतकी ताठ झाली, की ३१ जुलैला संप मिटल्याची बातमी आली तेव्हा कोणालाच धड आनंद झाला नाही. खरे खेळाडू मैदानात उतरले आणि पुठ्ठ्याप्रमाणे खेळेनात. ब्रेटची सरासरी वर्षाअखेर .३१४ वर आली. माझ्या मेट्सकडे मात्र डेव्ह किंगमन आला होता. त्याला दोनच गोष्टी ठाऊक, होमरन नाहीतर स्ट्राइकआउट. तरी २२ होमरन झाले. नव्या वर्षाचे पुठ्ठे आले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कोणीतरी अदलाबदलीसाठी हात जोडून आलं.

रॉयल्सवाला सुतकात होता. आजी तोवर दादरला परतली होती, म्हणून ब्रेटची खबर मी तिला पत्राने कळवली. तिचं उत्तर आलं. गिरण्यांचा संप जानेवारीपासून चालू आहे, तुमच्या त्या चेंडूवाल्यांसारखा पन्नास दिवसांत मिटायची लक्षणं नाहीत, दत्ता सामंत हटत नाहीत, खालच्या मजल्यावरच्यांचा मुलगा घरी बसलाय. पुण्य सरलं की इंद्रालाही खाली यावं लागतं, तिथे ब्रेटची काय कथा. आणि शेवटी, जागा उरली नाही म्हणून घडीच्या कडेला आडवं: त्याला सुरण खायला सांग.

रॉयल्सवाल्याला मी हे जसंच्या तसं वाचून दाखवलं. सुरण म्हणजे काय, कुठे मिळतं, हे त्याने सगळं गंभीरपणे विचारून घेतलं. रॉयल्सच्या ऑफिसला कळवायला हवं म्हणाला, आणि वहीत लिहूनही घेतलं. मग विचारलं, कच्चं खायचं का?

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. "अरे, सांग त्याला," ती घाईघाईने म्हणाली, "चिंच घालून शिजवायचं म्हणावं, नाहीतर त्या ब्रेटच्या घशाला खाज सुटेल."