कुत्रं कुणाचं? कळंबकरांसाठी नोंदणीची रीतसर कार्यपद्धती

प्रस्तुत मार्गदर्शिका इंदापूर तालुक्यातील मौजे कळंब आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील श्वानधारकांसाठी आहे. श्वानधारक कोणाला म्हणावं हे आधी ठरवलं पाहिजे, कारण खरी मेख तिथेच आहे. रात्री उसाच्या कडेने कुणाची चाहूल लागली आणि दारातलं कुत्रं भुंकलं, तर ते ‘आमचं’ असतं. तेच कुत्रं सकाळी डेअरीला निघालेल्याची पोटरी धरतं, तेव्हा ‘आमचं कुठलं? असंच येतंय, भाकरीतुकडा टाकतो एवढंच’ असं उत्तर मिळतं. मालकी दिवसातून दोनदा बदलत असताना कुत्र्याच्या कातडीखाली क्रमांकाची चिप बसवून काय साधणार, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर असं की चिप कुत्र्याची ओळख पटवायला नसतेच. कुत्र्याला गाव ओळखतं. माणसाला ओळख नाकारता येऊ नये, यासाठी ती असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच तत्त्वावर उभ्या आहेत.

पायरी पहिली : गावात नोंद कशाची होते, याचा अभ्यास करावा. जमीन सातबाऱ्यावर आहे, घर ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आहे, आणि उसाच्या लागणीची तारीख कारखान्याच्या दप्तरी आहे, कारण तोड कधी येणार हे त्या तारखेवर ठरतं. गाय या पंगतीत उशिरा बसली. २०१९ मध्ये लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिसविरुद्ध राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि लसीसोबत कानात १२ अंकांचा पिवळा बिल्ला आला. त्या बिल्ल्याला खरी किंमत आली ती पुढे. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पण बिल्ल्याचा क्रमांक, मालकाचं आधार आणि बँकेचं खातं एकमेकांशी जुळलं पाहिजे, अशी अट घातली. त्याच वर्षी १ जूनपासून बिन-बिल्ल्याच्या जनावराला बाजार, वाहतूक आणि सरकारी दवाखान्याची सेवा बंद करण्याचा नियम आला. बारामती-इंदापूरच्या दूधपट्ट्याने यातून घ्यायचा बोध एवढाच : नोंद मायेपोटी होत नाही, पैसा जिथे येतो किंवा अडतो तिथे होते. कुत्रं दूध देत नाही, गाडी ओढत नाही आणि त्याला आठवडी बाजारात भाव नाही. म्हणून एकाच गोठ्यात बारा आकड्यांची गाय आणि शून्य आकड्यांचं कुत्रं शेजारी शेजारी झोपतात.

पायरी दुसरी : चिपेकडून भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. साधारण १२ मिलिमीटर लांबीची ही काचेची कुपी जाड सुईने मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नाही. जवळ वाचक यंत्र धरलं की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, १५ आकडे सांगते आणि गप्प बसते. हद्दीबाहेर गेलेलं कुत्रं सध्या कुठल्या वस्तीवर भाकरी खातंय, हे ती मोबाइलवर दाखवत नाही. कुत्र्याचं नाव, गाव, स्वभाव यांतलंही काही तिच्यात साठवलेलं नसतं. पहिले तीन आकडे देशाचे असू शकतात, भारताचे ३५६, किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे. सरपंचांच्या आधारला १२ आकडे, गायीच्या बिल्ल्याला १२ आणि कुत्र्याच्या चिपेला १५, या मानापमानाचा विषय ग्रामसभेत कुणी काढू नये. तीन आकडे जास्त असले, तरी त्यांच्यापुढे मालकाचं नाव लिहिलेलं नसेल तर पंधराही फुकट आहेत.

पायरी तिसरी, आणि हीच महत्त्वाची : चिपेआधी वही उघडावी. फेरफार न झालेल्या सातबाऱ्यावर जसे वारलेले आजोबाच खातेदार राहतात, तसं नोंद न बदललेल्या चिपेचं होतं : क्रमांक अस्सल, मालक भलताच. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना आणि १० जून २०२४ पासून मांजरांना चिप सक्तीची झाली. तिथल्या कायद्याने नुसती चिप मागितली नाही, पत्ता आणि फोन ताजे ठेवण्याची जबाबदारीही मालकावर टाकली आणि चुकारपणाला ५०० पौंडांपर्यंत दंड ठेवला. म्हणजे यंत्राची मर्यादा त्यांना कळली होती. कळंबला दंडाची भाषा लगेच नको, पण वही ग्रामपंचायतीची असावी. चिप बसवणाऱ्या दवाखान्याच्या कपाटात किंवा कुठल्या तरी खासगी यादीत पडलेला क्रमांक गावाच्या उपयोगाचा नाही. वहीत कुत्र्याचं नावही लिहावं, मात्र त्यावर भिस्त ठेवू नये. वस्तीवर ‘टायगर’ म्हणून हाक मारली तर धावून येणाऱ्यांची संख्या एकावर थांबेल, याची हमी देता येत नाही.

आता हरकती. पहिली हरकत अशी की हे पुण्याचं खूळ आहे. तिथे महापालिका आहे, परवाना आहे, आणि तिथली कुत्री माणसाला दोरीने बांधून फिरवतात. उलट, दोरीत असलेल्या कुत्र्याचा मालक दोरीच्या दुसऱ्या टोकाला सापडतो. कळंबचं कुत्रं मोकळं असतं, त्यामुळे नोंदीची गरज इथेच जास्त. तंत्रज्ञान गावाला झेपणार नाही, असंही कुणी म्हणू नये. शेजारच्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं घडतात. त्या पंचक्रोशीला पंधरा आकडे वहीत उतरवता येऊ नयेत, हे पटणारं नाही.

दुसरी हरकत : गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, चिप कशाला? ओळखणं आणि कबूल करणं यांत फरक आहे, आणि तो रेबीजच्या वेळी जिवावर बेततो. चावल्यावर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि लस लगेच सुरू करायची, यात वाट पाहणं नाही. पण चावलेलं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवता आलं आणि धडधाकट राहिलं, तर उपचारांचा पुढचा निर्णय डॉक्टरांना नेमका घेता येतो. कुत्र्याला लस कधी टोचली, हे कळलं तर आणखी चांगलं. दोन्हींसाठी ‘हो, माझं आहे’ म्हणणारा माणूस लागतो. आणि नेमकं त्याच दिवशी ते कुत्रं गावात कुणाचंच नसतं. हेच कुत्रं गायीला चावलं तर विनोद पुरा होतो. गायीलाही रेबीज होतो. जखमी गायीचा बारा आकडी क्रमांक दवाखान्यात दाखवावा लागतो आणि चावणाऱ्याचा तपशील ‘एक कुत्रं’ एवढाच राहतो.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे : मालकी म्हणजे जबाबदारी ठरली, तर लोक भाकरी टाकणंच सोडतील आणि भटकी कुत्री वाढतील. हे खोटं नाही. दंडाने सुरुवात केली तर नेमकं हेच होईल. म्हणून बिल्ल्याचा धडा इथे गिरवावा : आधी लाभ, मग अट. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी जो नाव लिहील त्याच्या कुत्र्याला लस मोफत टोचावी, चिपही पंचायतीच्या खर्चाने बसवावी. ज्या कुत्र्यापुढे कुणीच नाव लावणार नाही, त्याचीही वाट मोकळी आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थेवर सोपवलं आहे. तेव्हा वहीत दोनच रकाने ठेवावेत : कुत्रं एक तर तुमचं, नाही तर पंचायतीचं. तिसरा खातेदार नाही. पंचायतीचा रकाना लांबत चालला की सदस्य स्वतःच दारोदार मालक शोधू लागतील, आणि इतकी तळमळ कुठल्याही परिपत्रकाने आलेली नाही.

पायरी शेवटची : नोंद करून वही कपाटात ठेवू नये. कुत्रं पाहुण्याला दिलं, वस्ती बदलली, फोन बदलला, तर आठवड्याच्या आत बदल लिहावा. कुत्रं मेलं तर त्याचं नाव यादीतून काढावं. मेल्यावरही यादीत राहण्याचा मान गावात काही मतदारांना आहे, तो कुत्र्यांना देण्याचं कारण नाही.