आहेर आणावा, ही विनंती

वाचनालयाच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर पेनड्राइव्हमधून माझ्याकडे आला, तेव्हा अध्यक्षांना काहीतरी झालंय अशीच माझी पहिली समजूत झाली. त्यांचं मनोगत उघडलं तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, कंस, टक्के, उभ्या दांड्या आणि मधूनच एखादं भांबावलेलं रोमन अक्षर. दोन पानं असंच. शेवटी सहीच्या जागी एक उद्गारचिन्ह.

अध्यक्ष ठणठणीत होते. आजारी होता तो फॉन्ट. आमचा मजकूर ज्या छापखान्यात टाइप झाला, तिथं अजून नव्वदच्या दशकातलं सॉफ्टवेअर आहे. त्या काळच्या फाइलीत मुळात मराठी नसायचंच. आत रोमन अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट असेल त्या संगणकावर सोंग छान वठतं, नसेल तिथं मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीचं सोंग वेगळं. एकीचा ‘क’ जिथं बसतो तिथं दुसरीचा ‘ळ’. सगळ्या संगणकांसाठी एकच मांडणी ठरवणाऱ्या युनिकोडनं देवनागरीसाठी १९९१ सालीच पहिल्या आवृत्तीत १२८ घरांची चाळ बांधून ठेवली होती. आपण राहायला गेलो पंधरा-वीस वर्षांनी. आमचा छापखानावाला अजून ‘बघू, दिवाळीनंतर’ म्हणतोय.

शहाण्णव पानं पुन्हा टाइप करायची म्हणजे माझ्या एका बोटाला शताब्दीच उजाडली असती. शोधता शोधता एक पान सापडलं. दोन चौकोन, मध्ये एक बटण. वरच्या चौकोनात ते चिवडामिसळ टाकायचं, बटण दाबायचं, खाली मराठी पडतं. बाजूला एक उलटं बटणही होतं, चांगल्या मराठीची पुन्हा चिवडामिसळ करणारं. ते कोणाला लागत असेल, हे कोडं मला सुटेना. (छापखान्यांना लागतं.) मी सरळ बटण दाबलं आणि अध्यक्षांचं मनोगत लख्ख मराठीत समोर आलं. ते वाचल्यावर आधीचंच बरं होतं असं वाटलं, पण तो दोष त्या साधनाचा नाही.

त्या बटणामागे काय चालतं हे मी उगाच खोलात जाऊन पाहिलं आणि हबकलो. आपली पहिली वेलांटी घ्या. ‘कि’ लिहिताना ती डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टात ती आधी साठवलेली असते. युनिकोडला मात्र उच्चाराचा क्रम लागतो : आधी ‘क’, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक वेलांटी दंडाला धरून अक्षराच्या पलीकडे नेऊन बसवायची. बरं, पुढे ‘स्थिती’ आली की एक अक्षर ओलांडून भागत नाही. अर्धा ‘स’ आणि अख्खा ‘थ’ असं एकत्र कुटुंब ओलांडावं लागतं. रफाराचं नेमकं उलटं. तो दिसतो शेवटी, डोक्यावर, पण मान त्याला आधीचा. एखादी वेलांटी नाहीतर रफार हातून सुटला की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो आणि ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’. असे ‘कायर्क्रम’ तुम्हीही पीडीएफमधून मजकूर उचलताना पाहिले असतील. हे सगळं एका कंपनीच्या फॉन्टसाठी. अशा सात-आठ कंपन्यांच्या फॉन्टांच्या वेलांट्या कोणीतरी रात्री जागून, एकेक करून पलीकडे पोहोचवल्या होत्या, आणि ते पान फुकट होतं.

पानाच्या तळाशी कपाचं चित्र होतं. ‘उपयोग झाला असल्यास मला एक कॉफी पाजा. ३ डॉलर.’

मी हिला हाक मारली.

“कोण आहे हा?” हिनं विचारलं.

“ठाऊक नाही.”

“आपल्याकडे कधी आलाय?”

“नाही.”

“मग कॉफी कशाची? आणि अडीचशेच्या वर रुपये एका कपाला? त्यात आपला महिन्याचा चहा होतो, अहो, पाहुण्यांसकट.”

हिचं चूक नव्हतं. देण्याघेण्याची आमची रीत ठरलेली आहे. लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं ठळक छापलेलं असतं आणि आम्ही झाडून सगळे खिशात पाकीट घालून जातो. पाकिटावर नाव घालतो, पोहोचलं का याची चौकशी करतो. इथं एक माणूस ‘आहेर आणावा’ असं तोंड उघडून सांगत होता, तर आम्ही जेवून, हात धुऊन, विडा खाऊन मागच्या दारानं पसार.

किती दारांनी असा पसार झालोय, ते मी त्या रात्री मोजत बसलो. गेल्या वर्षी भाचीचा नोकरीचा अर्ज भरला. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. मी चौतीस वर्षं सहकारी बँकेत सह्या जुळवल्या. सहीचं वजन करायची पाळी प्रथमच आली. कुठल्याशा पानावर ती सही तीनदा बारीक केली, तेव्हा ती १९ केबीत बसली. ते पान कोणाचं हे विचारायचं सुचलं नाही. स्मरणिकेचं मुखपृष्ठ फोटोशॉपचं होतं, फोटोशॉप आमच्याकडे नव्हतं. मुखपृष्ठ ‘फोटोपी’ नावाच्या पानावर ब्राउझरातच उघडलं. प्रागला शिकलेल्या इव्हान कुत्स्किर नावाच्या माणसानं २०१३ पासून ते बहुतांशी एकट्यानं उभं केलंय. उजव्या कडेला जाहिराती असतात. शेजारचा मुलगा म्हणाला, “काका, या घालवून देतो.” मी त्याला हटकलं. त्या दिवशी मी एका परदेशी गादीची जाहिरात शेवटपर्यंत, पाय दुमडून, कीर्तनाला बसावं तशी पाहिली.

व्हिडिओ दाखवणाऱ्या व्हीएलसीचा तो केशरी शंकू तर घरोघरी आहे. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेलं ते काम. आत जाहिराती घालण्यासाठी कोट्यवधी युरो देऊ केले गेले होते, ते घेतले नाहीत, असं त्याचे कर्तेधर्ते झाँ-बाप्तिस्त केम्फ जाहीरपणे सांगतात. मी त्या शंकूकडे बघून पंधरा वर्षं समजत होतो की काम चालू आहे, पूर्ण झालं की काढतील.

पण बँकेतल्या माणसाची झोप उडवणारी गोष्ट निराळी आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचं भगदाड उघडकीला आलं. ते होतं ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या असंख्य दुकानांचं, बँकांचं जे कुलूप, त्यात. मग लोकांनी चौकशी केली की हे कुलूप सांभाळतं कोण. तर मूठभर माणसं, त्यांतला पूर्णवेळ एक, आणि वर्षाकाठी देणग्या साधारण २००० डॉलर. तेव्हाच्या भावानं सव्वा लाख रुपयेही नाहीत. आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाच्या नुसत्या मांडवाला याहून जास्त लागतात, आणि तो दहा दिवसांत उतरवतात. मोठमोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला तो भगदाड पडल्यावर.

तेव्हा सकाळी उठून मी कॉफी पाजायचं ठरवलं.

कार्ड नाकारलं गेलं. अर्थात. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, खातेदारानं स्वतः चालू करायचे. हा रिझर्व्ह बँकेचा नियम काउंटरवर बसून लोकांना मीच समजावला होता, तोही जरा वरच्या पट्टीत. चालू केले. पुन्हा नकार. चष्मा लावून पाहिलं, तर ‘दर महिन्याला’ या चौकोनात खूण होती. मी त्या अनोळखी इसमाला जन्मभराचा कॉफीचा रतीब लावायला निघालो होतो. १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा रतिबाला आगाऊ संमती लागते, पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी वर्दी लागते, आणि कित्येक परदेशी दुकानं या व्यवस्थेत बसतच नाहीत. खूण काढली. तिसरा प्रयत्न केला आणि फोन वाजला.

“सर, आपल्या कार्डावरून परदेशात कॉफीचा व्यवहार होतोय. कॉफी आपण घेताय का?”

“नाही, पाजतोय.”

“कोणाला सर?”

“ठाऊक नाही.”

त्या मुलीनं कार्ड तिथल्या तिथं बंद केलं. तिच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

शेवटी पानावरच्या पत्त्यावर मेल लिहिली : ‘महोदय, आपणास कॉफी पाजण्याची तीव्र इच्छा आहे, परंतु बँक पाजू देत नाही.’ तासाभरात उत्तर आलं. ‘काका, मी मूळचा तासगावचा. सध्या हिंजवडीत असतो. कॉफी मी पीत नाही, ऍसिडिटी होते. ते बटण बाकीच्यांचं बघून लावलंय. चार वर्षांत तीन कॉफ्या आल्या, त्यातली एक माझीच, बटण चालतं का बघायला.’ खाली यूपीआयचा पत्ता.

तासगाव! आमच्या सांगलीपासून पंचवीसेक किलोमीटर. त्यासाठी माझे पैसे डॉलरचा वेष घालून सातासमुद्रापार जायला निघाले होते. मी ३०१ रुपये पाठवले. तीनशे चहाचे, वरचा एक शकुनाचा. पैसे दोन सेकंदांत गेले. हिनं गावाचं नाव ऐकल्यावर विचारलं, “लग्न झालंय का त्याचं?”

आमच्या खजिनदारांना हे कळलं तेव्हा ते गंभीर झाले. काम वाचनालयाचं, तेव्हा खर्च वाचनालयानंच सोसायचा. मात्र व्हाउचरला पावती हवी. ‘चहा, रु. ३०१’ एवढ्यावर ऑडिटर गप्प बसणार नाही. किती कप, कोणी घेतले, ठराव कुठाय? मी ओशाळून पुन्हा मेल केली.

पावती आली. उघडली तर डॉलर, कंस, टक्के, उभ्या दांड्या. पोरानं उलटं बटण वापरलं होतं. मी ती त्याच्याच पानावर नेऊन सरळ केली : ‘चहा पोहोचला. आलं थोडं कमी होतं. अध्यक्षांच्या मनोगतात काही चुकत असेल तर कळवा.’

खजिनदारांनी फाइलला मूळ प्रतच लावली. त्यांचं म्हणणं, वाचता येत नाही म्हटल्यावर ऑडिटर शंका तरी कशाची काढणार.