मूळ रूपात

आमच्याकडे वस्तू मोडीत निघत नाहीत, गोठ्यात जातात. पाय निखळलेली खाट, शिट्टी हरवलेला कुकर, फक्त खरखर ऐकवणारा रेडिओ, सगळ्यांची रवानगी तिकडेच. पाठवताना घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “असू दे, कामाला येईल.” शिरोळ तालुक्यातल्या कुठल्याही गोठ्यात बघा, म्हशींपेक्षा या कामाला येणाऱ्या वस्तूंनीच जास्त जागा अडवलेली असते. फरक एवढाच, की म्हशी खरोखर कामाला येतात.

अण्णांची येझ्दी अशीच गोठ्यात गेली. 1984 ची गाडी, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना 1961 मध्ये सुरू झाला आणि 1996 मध्ये बंद पडला. गाडीला माहेर उरलं नव्हतं, आणि 2004 साली अण्णा निवृत्त झाल्यावर सासरीही तिचं काही काम राहिलं नाही. हळूहळू तिच्यावर पोती आली, पोत्यांवर पेंड आली आणि पेंडीवर कोंबड्या आल्या.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर आला. कृष्णा आणि पंचगंगा दोघी एकदमच गावात शिरल्या. माणसं निघाली, जनावरं निघाली, आईनं देव आणि रेशनकार्ड घेतलं. येझ्दी काढावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. पाणी उतरल्यावर गोठ्यातल्या गाळातून हँडलची दोन टोकं तेवढी वर दिसत होती. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, “हे काय?”

“गाडी,” अण्णा म्हणाले.

“चालू आहे?”

“होईल.”

पंचनाम्याच्या कागदावर ‘आहे’ला रकाना होता, ‘नाही’ला होता, ‘होईल’ला नव्हता. गाडी नोंदीवाचून राहिली, आणि त्या ‘होईल’वर आणखी काही पावसाळे गेले.

तिचं नशीब उघडलं ते अण्णांच्या मोतीबिंदूमुळे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसली आणि त्यांना जग लख्ख दिसायला लागलं. आधी भिंतीची ओल दिसली. मग आईच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसल्या. त्या त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवायला नको होत्या. त्यानंतरचे काही दिवस त्यांना घरात बसणं अवघड झालं, म्हणून ते गोठ्यात जाऊन बसू लागले. तिथं त्यांना येझ्दी दिसली. मी त्यांच्या डोळ्यांत थेंब घालण्यासाठी पुण्याहून आलेलो होतो, त्यामुळे मनुष्यबळाचाही प्रश्न मिटला.

आमच्या दोघांच्या मनात मात्र दोन वेगळ्या गाड्या होत्या. मला ती रिस्टोअर करायची होती. म्हणजे म्हैसूरच्या फाटकातून बाहेर पडताना ती जशी असेल अगदी तशी: तोच रंग, तोच क्रोम, टाकीवर तीच अक्षरं. मी ‘ओरिजिनल’ भागांची एक लांबलचक यादी केली. अण्णांनी ती नव्या भिंगांतून नीट वाचली आणि विचारलं, “ह्यात पिस्टन कुठाय?”

पिस्टन सिलिंडरमध्ये गंजून बसला होता. प्लग काढून त्या भोकातून डिझेल ओतायचं, मुरू द्यायचं, मग वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीनं हळूहळू ठोकायचं, हा त्यावरचा जुना उपाय. अण्णा रोज सकाळी देवपूजेआधी जाऊन डिझेल किती उतरलंय ते बघून येत. शेवटी पिस्टन हलला आणि त्याच्यामागून महापुराचा गाळ निघाला. अण्णांनी तो चिमटीत घेऊन बघितला. “भारी माती हाय,” ते म्हणाले. “ह्यात ऊस चांगला आला असता.”

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा थेट सिलिंडरमध्ये जात नाही, आधी खाली क्रँकच्या कप्प्यात शिरते आणि तिथून वर ढकलली जाते. म्हणून तो कप्पा हवाबंद लागतो आणि म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला 40 मिलीच्या हिशेबानं. त्याच कप्प्यात नदी येऊन राहून गेलेली. बेअरिंगं गेली, ऑइल सील गेले, कनेक्टिंग रॉडही गेला. हे सगळं पोत्यात घालून आम्ही कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेलो. तिथल्या लेथवाल्यानं सिलिंडरमध्ये आधी बोट फिरवलं, मग माप लावलं आणि बोटानं सांगितलं तेच मापानं सांगितलं: बोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावा लागेल. तो अण्णांच्याच वयाचा निघाला. मशीन फिरत असताना दोघांनी एकमेकांच्या साखरेची, गुडघ्यांची आणि सुनांची चौकशी केली. सिलिंडरचं काम त्यातल्या त्यात सोपं होतं, असं दोघांचं मत पडलं.

खरी गंमत गाळ धुतल्यावर सुरू झाली. मातीखालून येझ्दीबरोबर अण्णांची नोकरीही बाहेर यायला लागली.

अण्णा जिल्हा परिषदेत पशुधन पर्यवेक्षक होते. अख्खा टापू त्यांना डॉक्टर म्हणायचा आणि ते कुणाला दुरुस्त करत बसत नसत. लहानपणी मला त्यांच्या कामाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की ते उशिरा येतात आणि येताना फिनेलचा आणि पेट्रोलचा वास घेऊन येतात. दिवसभर काय केलं ते सांगायची त्यांना सवय नव्हती आणि विचारायची आम्हाला नव्हती. आता गाडी उघडायला घेतली, तर प्रत्येक नटाखाली एकेक गाव निघू लागलं.

कॅरिअरवर लोहारानं ठोकलेली एक जाडजूड कडी होती. तीत कंटेनर बसायचा. गाई भरवण्यासाठी गोठवलेल्या रेतमात्रा त्यात द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेल्या असत, उणे 196 अंशांवर. म्हणजे मागे उणे 196, खाली दोन तापलेले सायलेन्सर आणि मध्ये अण्णा, असा हा सरकारी दौरा चाले. हेडलाइटमध्ये जिथं वायर शिरते तिथलं रबर बघितलं, तर ते लाळ-खुरकुताच्या लशीच्या बाटलीचं बूच होतं. “अकिवाटला,” अण्णा म्हणाले. गियर ऑइल सोडायच्या बोल्टखाली वायसर म्हणून ॲल्युमिनियमचं दहा पैशांचं जुनं नाणं भोक पाडून बसवलेलं होतं. “दानोळी. पावसात.” स्टँडची स्प्रिंग खाटेची होती. ती नेमकी कुठल्या खाटेची हे आईला त्या दिवशी कळलं.

क्लचची नवी वायर ओवताना कवठेसारची रात्र निघाली. म्हैस अडली होती, म्हणून हे निघाले आणि वाटेत क्लचची वायर तुटली. येझ्दीत गियरची दांडी दाबली की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे गाडी बिनवायरीची पुढे गेली, म्हैस सुटली, रेडी झाली आणि अण्णा तसेच घरी आले. “कुणाची म्हैस?” मी विचारलं. “मालकाचं नाव न्हाई आठवत,” अण्णा म्हणाले. “म्हशीच्या कपाळावर पांढरं होतं.”

माझी यादी इथं अडखळली. ‘ओरिजिनल’ म्हणजे कुठल्या दिवशीची गाडी? म्हैसूरनं ती तयार केली आणि पाठवून दिली. पुढची वीस वर्षं तिला रोज कुणी घडवलं असेल तर ते अण्णांनी. यादीप्रमाणे एकेक भाग बदलत गेलो असतो, तर शोरूमला शोभेल अशी गाडी मिळाली असती आणि अण्णा तिच्यातून वजा झाले असते. मी रातोरात पक्ष बदलला. सकाळी जाहीर केलं, की नाणं राहणार, बूच राहणार, कडी राहणार.

अण्णांनी माझ्याकडे, ताप उतरत नसलेल्या वासराकडे बघावं तसं बघितलं.

“नाणं काढ,” ते म्हणाले.

“अहो अण्णा, ते तुम्ही लावलंय.”

“वायसर न्हवता म्हणून लावलं. दुकान बंद, वरनं पाऊस. आता वायसर मिळतोय न्हवं? मग वायसर लाव.”

“आणि कडी?”

“नायट्रोजन कुठं न्यायचाय आता?”

मला वाटलं होतं, या माणसाच्या आठवणी मी कारखान्याच्या हातून वाचवतोय. त्यांच्या लेखी त्या आठवणी नव्हत्याच, अडचणी होत्या. नाण्यामागे हौस नव्हती. चिखलातलं ओणवं बसणं होतं, गळणारं तेल होतं, आणि पुढच्या गावात कुणीतरी कंदील घेऊन वाट बघत होतं. बापाच्या हालांकडे मुलगा कौतुकानं बघू शकतो, कारण हाल बापाचे झालेले असतात. ते काचेच्या कपाटात मांडायचे की नाहीत हे ज्याचे झाले त्यालाच विचारावं, आणि तो म्हणाला वायसर लाव, तर वायसर लावावा.

मात्र खाटेची स्प्रिंग अण्णांनी काढू दिली नाही. मी हळवा होऊन काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी कारण सांगितलं: “कंपनीची दोनदा तुटली. ही तुटत न्हाई.” त्यांचा नियम एका ओळीचा होता. जे चालतं ते राहतं. म्हैसूरचं की अकिवाटचं, जुनं की नवं, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. लशीचं बूच या परीक्षेत पास झालं, कडी नापास झाली, आणि माझ्या यादीतला क्रोम तर परीक्षेला बसायलाच पात्र ठरला नाही.

हाच न्याय त्यांनी मलाही लावला. पॉइंटमधली फट 0.4 मिलिमीटर ठेवायची असते. अण्णा ती दाढीच्या ब्लेडनं मोजत. एक ब्लेड साधारण 0.1, म्हणून चार ब्लेडं एकत्र. मी ऑनलाइन मागवलेला फीलर गेज काढला. त्यांनी चार ब्लेडं फटीत घातली, मग माझी 0.40 ची पट्टी घातली, दोन्ही सारख्याच अटकल्या. “चांगला हाय तुझा गेज,” त्यांनी प्रमाणपत्र दिलं, “बरोबर दाखवतोय.” त्यानंतर ब्लेडं दाढीच्या डब्यात परत गेली आणि गेज त्यांच्या खिशात गेला, तो मला अजून मिळालेला नाही.

कामाची वाटणी आपोआप झाली होती. बारीक स्क्रू आता त्यांच्या चिमटीत राहत नाही, म्हणून तो मी धरायचा. पण कितपत पिळायचा ते मला कळत नाही, म्हणून पिळायचा त्यांनी. मी पिळला की त्याचा आटा तरी जाई नाहीतर तो पुन्हा सैल तरी होई. अण्णा एका ठिकाणी थांबतात. का थांबतात ते त्यांना सांगता येत नाही. मी खूपदा विचारलं. “लागला की कळतंय,” एवढंच.

येझ्दीला डाव्या बाजूला एकच दांडी असते. ती आत दाबून उभी केली की किक होते, खाली पाडली की गियर. रचना मूळ चेक जावाची. एका पगारात दोन कामं करणारी ही दांडी अण्णांना खात्यात फार जवळची वाटत असणार. गुडघ्यामुळे किक मारायची त्यांना मनाई, म्हणून ती मी मारायची आणि ते बाजूला खुर्ची टाकून ऐकणार. “चोक सोड.” “दमानं.” “प्लग ओला झाला, काढ.” “आरं, लाथ मारू नको, दाब.” गल्लीतली निम्मी माणसं जमली आणि उरलेल्या निम्म्यांनी गच्चीवरून सल्ले दिले. मग एकदा ती खोकली, आणि पुढच्या किकला दोन्ही सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघून ती धडधडू लागली. कोंबड्या पळाल्या, कुत्री भुंकली, पोरांनी टाळ्या पिटल्या. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “झालं. आता परत रात्री-अपरात्री कुणाची तरी म्हैस अडणार.”

अण्णांनी हात दाखवून मला गाडी बंद करायला लावली. “मेन जेट साफ कर,” ते म्हणाले आणि चहाला आत गेले.

आता राहिले कागद. पंधरा वर्षांवरच्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण लागतं, तपासणी लागते, आणि मुदत मिळते ती पाच वर्षांची. ते वाचता वाचता मला 2021 चा विंटेज गाड्यांचा नियम सापडला. गाडी पन्नास वर्षांवरची असेल, मूळ रूपात राखलेली असेल आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसेल, तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबरप्लेट मिळते. मी हे अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

त्यांनी विचार केला. “वय बसतंय,” ते म्हणाले. “पण दोन भिंगं, वरची कवळी आणि छातीत एक स्टेंट. मला नंबर मिळायचा न्हाई.”

“तुमचं नाही हो, गाडीचं.”

“गाडीला पन्नास कधी?”

“2034.”

“म्हणजे मी अठ्ठ्याऐंशीचा.” यावर काय बोलावं ते मला सुचेना. अण्णांनी खिशातून माझा गेज काढला, पुसला, परत खिशात ठेवला. “माझं सोड, गाडीचं बघ,” ते म्हणाले. “एक बोर झालाय, अजून एक निघंल. त्याच्या पुढं स्लीव्ह बसवावी लागंल. आत्तापासनं पैसे बाजूला टाकत जा.”