नळी कुठं हाय?

नेमबाजी शिकायला आलेल्या पोराला उस्ताद पहिले काही आठवडे नेम सोडून बाकी सगळं शिकवतात. रायफल पेटीतून कशी काढायची, पेटीत परत कशी ठेवायची, टेबलावर ठेवताना नळी कुठल्या भिंतीकडं हवी, पाणी प्यायला जाताना काय करायचं, शिंक आली तर काय करायचं. आणि बोट. बोटाचा तर स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. उजव्या हाताची तर्जनी ही घोड्यावर ठेवायची वस्तू नसून घोड्यापासून लांब ठेवायची वस्तू आहे, हे पोराच्या अंगात मुरेपर्यंत छर्र्यांची डबी उस्तादांच्या खिशातून बाहेर येत नाही. महिना होत येतो, पोरानं एकही छर्रा मारलेला नसतो, आणि बाकावरच्या पालकांत फी परत मागायची कुजबुज सुरू होते.

असा माणूस फक्त आमच्या कोल्हापुरात आहे असं मला वाटायचं. पण भाचीच्या स्पर्धांच्या निमित्तानं पुण्या-मुंबईकडं जाणं झालं आणि कळलं, रेंज तिथं उस्ताद. कुठं ते पोलिसातून निवृत्त झालेले असतात, कुठं एके काळी स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले. पोट, भाषा, चष्म्याचा नंबर वेगळा. नळीकडं बघायची नजर एकच. आमचे उस्ताद फौजेतले हवालदार. नोकरीची शेवटची वर्षं एन. सी. सी.च्या पोरांना .२२ रायफल शिकवण्यात गेली. तिथली पोरं शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, ते चिकटलं. खरं नाव पावतीपुस्तकावर आहे; ते कुणी वाचत नाही.

आता कोल्हापूरकर पालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. २०१० साली म्युनिकला तेजस्विनी सावंत जगज्जेती झाली, २०१८ च्या एशियाडमध्ये राही सरनोबतनं सुवर्ण मारलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ गळ्यात घातलं. एवढं झाल्यावर, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातच काहीतरी असावं, असं इथल्या बापाला वाटलं तर त्याचा काय दोष? त्या ऑगस्टनंतर क्लबाच्या दारात दुचाकी लावायला जागा उरली नाही. प्रत्येक बाप पोराचा हात धरून आत यायचा आणि तेच ते प्रश्न विचारायचा. ऑलिंपिकला किती वर्षं लागतील? रायफल केवढ्याला पडते? एकानं तर, स्वप्नील मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे वाचून, थेट मुद्द्यालाच हात घातला. “उस्ताद, रेल्वेत कितव्या पदकाला घेतात?”

उस्तादांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “घरात छत्री हाय?”

छत्री हा उस्तादांचा पहिला धडा. आठवडाभर घरात मिटलेली छत्री घेऊन फिरायचं. टोक आई, बाप, भाऊ, मांजर, कुणाच्याही दिशेला जाता कामा नये. गेलं तर तो दिवस बाद. एवढ्यानं निम्मी गर्दी ओसरते, हा त्यातला पोटहेतू. रेल्वेवाल्यांचं पोरगं मात्र चिवट निघालं. पुढच्या सोमवारी ते छत्री टोक खाली धरून शिस्तीत आलं, आणि त्याच्या मागनं वडील, दुसरी छत्री खांद्यावर आडवी टाकून. दारातनं येणाऱ्या एका वहिनींच्या नाकासमोर तिचं टोक.

“साहेब, नळी कुठं हाय?”

साहेबांना आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर हसले. उस्ताद हसले नाहीत. यांना हसू फुटतं ते फक्त सगळ्या रायफली कपाटात गेल्यावर आणि कपाटाची किल्ली खिशात आल्यावर.

बापांची खरी पंचाईत होते ती वेगळ्याच कारणानं. त्यातल्या निम्म्यांनी जोतिबाच्या यात्रेत फुगे फोडलेले असतात. त्यामुळं त्यांना वाटतं, एअर रायफल म्हणजे तेच, जरा महागातलं. शिवाय दहा मीटरच्या या रायफलीला परवाना लागत नाही, आवाजही फटाक्याएवढा होत नाही. मग ती खेळणंच की! हे वाक्य उस्तादांसमोर उच्चारणाऱ्याला पाणी प्यायलासुद्धा वेळ मिळत नाही. “साडेचार मिलिमीटरचा छर्रा हाय साहेब, शिशाचा. डोळ्यात शिरताना परवाना इचारत न्हाई.” मग ते कागदी टार्गेट पुढं करतात. मधोमध पांढरा ठिपका, अर्ध्या मिलिमीटरचा. तो दहा गुणांचा. हातात साडेपाच किलोपर्यंतची रायफल, दहा मीटरवर तो ठिपका, आणि असे साठ छर्रे, सव्वा तासात. “यात्रेतला फुगा केवढा असतोय?” बाप हातानं दाखवतो. उस्ताद त्या हातांकडं आणि त्या ठिपक्याकडं आळीपाळीनं बघत राहतात. बापाचे हात हळूहळू खाली येतात.

फौजी माणूस म्हटल्यावर पोरांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. उस्तादांकडं लढाईची एकही गोष्ट नाही. असली तरी ते सांगत नाहीत. त्यांच्या सगळ्या गोष्टींचा नायक एकच, “रिकामी हाय” म्हणणारा. कधी तो बराकीत असतो, कधी शेतावरच्या घरात भिंतीवरची ठासणीची उतरवून पुसत असतो, कधी पावण्याला कौतुकानं दाखवत असतो. दर खेपेला तो म्हणतो, रिकामी आहे. दर खेपेला ती नसते. कथानकात एवढा तोचतोचपणा असूनही पोरं श्वास रोखून ऐकतात, कारण शेवटी कुणाला काय झालं हे उस्ताद कधीच सांगत नाहीत. तिथं थांबतात आणि म्हणतात, “चला, बोल्ट उघडा, दावा एकमेकाला.” रायफल कुणाच्या हातात द्यायची तर बोल्ट उघडून, आत बघून, दाखवून, आणि घेणाऱ्यानं देणाऱ्यावर विश्वास न ठेवता स्वतः परत बघायचं. माझी भाची हल्ली घरात पाण्याची बाटलीसुद्धा झाकण उघडून, आत बघून देते. बहिणीला काळजी वाटते. मला बरं वाटतं.

उस्तादांच्या वरच्या खिशात पेन नसतं. नारिंगी नायलॉन दोरीचे तुकडे असतात. रायफल रिकामी आहे हे लांबूनही दिसावं म्हणून नळीतनं आरपार भडक रंगाची दोरी घालायची असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतही हा नियम आहे. कंपनीची दोरी मिळते, पण पोरं ती हरवतात. मग उस्ताद गवत कापायच्या यंत्राची दोरी रिळानं आणतात आणि कापून वाटतात. दुकानदार त्यांना मोठा बागायतदार समजतो. आमच्या रेंजवरच्या, टार्गेट पुढंमागं नेणाऱ्या दोन-तीन पुल्या बंद पडलेल्या आहेत, त्यामुळं तिथला कागद बदलायला माणसाला चालत पुढं जावं लागतं. हा दिवसातला सगळ्यात कडक विधी. “स्टॉप!” सगळे बोल्ट उघडे. सगळ्या नळ्यांत दोऱ्या. रायफली टेबलावर, पोरं रेषेच्या मागं, हात पाठीमागं. मगच उस्ताद स्वतः पुढं जाणार. तेवढ्यात कुणी नुसती रायफल सरळ करायला हात पुढं केला, तरी पाठमोऱ्या उस्तादांना ते कळतं. कसं कळतं, विचारू नका. आणि सराव संपला की डबे उघडायच्या आधी साबणानं हात, कारण छर्रा शिशाचा आणि शिसं पोटात जाता कामा नये. उस्ताद नळाशी उभे राहून एकेका पोराची नखं तपासतात. त्या वेळी हा माणूस बालवाडीच्या बाईंसारखा दिसतो.

ओरडणं हा उस्तादांचा स्थायीभाव. पण त्यांना मी एकदा अजिबात न ओरडताना पाहिलं आहे. आठवीतली एक मुलगी होती, नुकतीच छर्रे मिळायला लागलेली. छर्रा भरला आणि बोल्टाची मूठ अडकली. असं झालं की नळी समोरच ठेवून डावा हात वर करायचा, मागं वळायचं नाही, हे तिला पाठ होतं. पण गोंधळली आणि रायफलीसकट गर्रकन वळली. “उस्ताद, हे अडकलं.” नळी थेट आमच्या बाकाकडं. आम्हा पालकांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, आम्ही शेवबुंदीच्या पुडीत होतो. उस्ताद दोन ढांगांत तिच्यापाशी. डावा तळवा नळीखाली घालून तिला अलगद भिंतीकडं वळवली. आवाज इतका मऊ की मला वाटलं दुसरंच कुणी बोलतंय. “समोर बघ, बाळ. बोट कुठंय?” “बाहेर.” “शाबास. आता मूठ सावकाश दाब. बसली? आता छर्रा समोरच्या कागदात सोड. हां. उघड. दोरी घाल.” मग तिला पाणी दिलं आणि स्वतः बराच वेळ नळापाशी उभे राहिले. नंतर एका वडिलांनी पोरीला दम द्यायला हवा होता, असं सुचवलं. उस्ताद म्हणाले, “सांगितलंवतं तिला. अंगात शिरलं न्हवतं. म्हंजे मीच सांगितलं न्हाई.” दुसऱ्या दिवशी अख्ख्या बॅचची छर्र्यांची डबी परत खिशात गेली आणि सगळी पोरं आठवडाभर नुसता हात वर करायचा सराव करत उभी होती.

त्या सरावाचं फळ खंडेनवमीला दिसलं. शस्त्रपूजेला प्रभागातले एक पुढारी आले होते. रायफली ओळीनं मांडलेल्या, झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. नळीत झेंडूची पाकळी जाऊ नये म्हणून उस्ताद सकाळपासून हैराण. देवीला हात जोडण्याआधी त्यांनी प्रत्येक बोल्ट उघडा आहे ना ते बघून घेतलं. देवी दुसऱ्या नंबरावर. आरती झाली आणि फोटोग्राफर म्हणाला, साहेब, एखादी हातात घ्या की. साहेबांनी घेतली. खांद्याला लावली आणि कॅमेरा शोधत डावीकडून उजवीकडं अख्ख्या हॉलवरून फिरवली. नळी जसजशी सरकेल तसतशी पोरं, आवाज न करता, ओळीनं खाली बसत गेली. साहेबांना वाटलं, मुलं आशीर्वाद घ्यायला बसली. त्यांनी एक हात रायफलीवर ठेवून दुसरा वर केला. तो फोटो छापूनही आला. वर्तमानपत्र हातात घेऊन उस्ताद फक्त एवढंच म्हणाले, “पोरं चांगली बसल्यात.”

घरीही सुटका नाही. दिवाळीत नातवाला टिकल्यांचं पिस्तूल मिळतं ते बोटाची परीक्षा पास झाल्यावर. रंगपंचमीला पिचकारी भरल्याचं आधी मोठ्यानं जाहीर करायचं. काकू म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदा लाटणं हातात घेतलं तेव्हा हे स्वयंपाकघरातनं उठून बाहेर गेले होते.

मागच्या पावसाळ्यात रेल्वेवाल्यांच्या पोरानं जिल्हा स्पर्धेत ब्राँझ मिळवलं. तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. “भावी ऑलिंपिकवीर”. फोटो वडिलांनी घरी काढलेला. एक डोळा मिटलेला, रायफल थेट बघणाऱ्यावर रोखलेली, बोट घोड्यावर. दहा फुटी नळी सिग्नलकडं तोंड करून. उस्ताद तिथनं स्कूटरवरून चालले होते. त्यांनी गाडी बाजूला घेतली, फ्लेक्सच्या रेषेतून हटून कडेच्या पानपट्टीशी उभे राहिले आणि तालमीच्या पोरांना बोलावणं धाडलं.

“ह्या चौकातनं दिवसाला किती माणसं जात्यात रं?”

“लै जात्यात, उस्ताद.”

“सगळ्यांवर धरलीया की त्यानं.”

पोरं भली होती. डिझायनरला सांगून त्यांनी रायफल वर वळवली. नवी छपाई आली तेव्हा नळी वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या गोलातल्या आमदारांच्या कपाळाला लागली होती. या वेळी उस्तादांना काही बोलावं लागलं नाही. तालमीचा अध्यक्षच धावत सुटला. उजवीकडं वळवावी तर तिथं दुसरे नेते, त्यांच्याच पक्षाचे पण आमदारांशी न बोलणारे. त्याचा तर वेगळाच अर्थ निघाला असता. खाली करावी तर शुभेच्छुकांची रांग, त्यात खुद्द अध्यक्षांचा गॉगलमधला फोटो. डिझायनरनं शेवटी हात टेकले आणि रात्री साडेदहाला सगळी वरात उस्तादांच्या दारात. फ्लेक्सवर एकही दिशा मोकळी नाही, नळी करायची कुठं?

“मोकळी दिशा न्हाई?” उस्तादांनी विचारलं. “मग रायफल पेटीत.”

तिसऱ्या फ्लेक्सवर पोरगा ताठ उभा आहे, हात बाजूला, आणि शेजारी लांबलचक काळी पेटी, दोन्ही कड्या लावलेली. वडील अजून धुमसत आहेत. बाजारात भेटेल तो विचारतो, पोरगं बेंजो पार्टीत लागलं का, सुपारी किती घेतंय. परवा त्यांनी ही तक्रार रेंजवर येऊन उस्तादांच्या कानावर घातली. उस्ताद दोरीचे तुकडे कापत होते. मान वर न करता म्हणाले, “म्हणू द्या की साहेब. पेटी बंद हाय न्हवं?”